परदेशातील उन्हाळी मुक्काम : देशसात्म्याचा विचार आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

उमरगा हे सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे गाव. धाराशिव जिल्ह्याच्या (पूर्वीचे उस्मानाबाद) या कडेला मराठी आणि कानडी मुलूख एकमेकांत मिसळतात. ज्वारी, तूर आणि हरभरा पिकविणाऱ्या या भागातील अनेक घरांची मुले आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये व आखाती देशांत नोकरी करीत आहेत. परिणामी चैत्र-वैशाख लागला की चिकित्सालयात एक मागणी हमखास ऐकू येते : “डॉक्टरसाहेब, लेकाकडे निघालोय, सहा महिन्यांचं औषध बांधून द्या.”

ही मागणी साधी वाटते, परंतु तिच्यात दोन गृहीतके दडलेली असतात. पहिले असे की येथे जे औषध मानवते ते तेथेही तसेच मानवेल. दुसरे असे की नव्या देशात प्रकृती सांभाळणे म्हणजे केवळ औषध बरोबर नेणे. आयुर्वेदाच्या दृष्टीने ही दोन्ही गृहीतके अपुरी आहेत. पुडी बांधून देणे हा आपल्या कर्तव्याचा शेवटचा भाग होय. त्याआधी रुग्णाचा देश, काल, अग्नी, निद्रा व मन यांचा विचार व्हावयास हवा, आणि तो निघण्यापूर्वी किमान चार आठवडे व्हावयास हवा. परदेशात गेलेला वृद्ध रुग्ण आजारी पडला तर त्याची नाडी पाहण्यास आपण तेथे नसतो. आपण लिहून दिलेला कागद मात्र तेथे असू शकतो. तो कागद कसा असावा व त्यामागे कोणता शास्त्रविचार असावा, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

एक ऐतिहासिक उदाहरण

मराठी माणसाच्या परदेशातील उन्हाळी मुक्कामाचे एक जुने व परिचित उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे होय. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघून त्या जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. तो संपूर्ण उन्हाळा त्यांनी न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटर कुटुंबात काढला. त्यानंतर शरदात त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतितंत्र हा होता, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंनी आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. फिलाडेल्फियातील थंडी त्यांच्या प्रकृतीला मानवली नाही. क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

राजयक्ष्म्यासारख्या व्याधीचे कारण एका थंडीवर ढकलणे योग्य होणार नाही. तथापि या चरित्रातून दोन बोध घेता येतात. पहिला असा की नव्या देशात रुळण्यासाठी आपुलकीचे घर आणि पुरेसा अवधी लागतो, आणि रोझेलच्या उन्हाळ्याने तो आनंदीबाईंना दिला. दुसरा असा की एका ऋतूत जमलेले सात्म्य पुढच्या ऋतूला पुरेलच असे नाही. आजच्या आपल्या रुग्णांना हे दोन्ही बोध लागू पडतात.

देश व काल : महिन्याच्या नावावर ऋतू ठरत नाही

उमरग्याचा परिसर बालाघाटच्या पठारावरील, कोरड्या हवेचा व अवर्षणप्रवण आहे. शास्त्रीय परिभाषेत तो जांगल देशाच्या जवळ जातो, आणि जांगल देश वातभूयिष्ठ मानला आहे. येथील माणसाचे ओकसात्म्य म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, तिखट-तेल आणि कोरडी उष्ण हवा. चरकाचार्यांनी देशसात्म्याची कल्पना मांडताना देशाच्या गुणांविरुद्ध गुणांचा आहार-विहार हितकर मानला आहे. तेव्हा देश बदलला की हितकर काय, हेही बदलते.

आता परदेशातील उन्हाळा पाहू. ‘तेथेही उन्हाळाच आहे’ एवढ्यावर रुग्ण समाधान मानतो, परंतु हे उन्हाळे एकसारखे नाहीत. न्यू जर्सीत जून ते ऑगस्ट हवा उष्ण व दमट असते आणि अधूनमधून पाऊस पडतो. कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को परिसरात याच काळात पाऊस जवळजवळ नसतो, आणि किनाऱ्यालगत धुक्यामुळे भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो. लंडनचा उन्हाळा आपल्या सौम्य हिवाळ्याच्या दिवसांसारखा वाटतो. दुबईत बाहेर ४० अंशांहून अधिक तापमान, तर घरात, मोटारीत व दुकानात वातानुकूलनाचा गारवा, असे शीतोष्णाचे व्यत्यासी सेवन दिवसातून अनेकदा घडते.

म्हणून आषाढ-श्रावण आला की वर्षा ऋतुचर्या, हा हिशेब कॅलिफोर्नियात लागू पडत नाही. ऋतू हा लक्षणांवरून ओळखावयाचा असतो. उष्ण, शीत व वर्षा यांची तेथील प्रत्यक्ष स्थिती पाहूनच चर्या सांगावी. यासाठी रुग्ण कोणत्या देशात जाणार एवढे विचारून भागत नाही. गाव कोणते आणि महिने कोणते, हे दोन्ही विचारले पाहिजे.

दिवसाच्या लांबीचाही विचार हवा. उमरग्यात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. न्यू जर्सीत तो सुमारे १५ तासांचा, तर लंडनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा असतो. लंडनमध्ये जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्यास्त होतो. ‘दिवस मावळला की जेवण’ हा आपल्याकडील सोपा नियम तेथे पाळल्यास जेवण रात्री साडेनऊला होते आणि अग्निमांद्य ओढवते. तेथे रात्रीच्या भोजनाची वेळ घड्याळावरच ठरवावी, आणि ती सायंकाळी सात ही असावी.

संप्राप्तीचा विचार

बहुतेक वृद्ध रुग्ण वैशाख-ज्येष्ठात निघतात. हा आदानकालाचा शेवट होय. या काळात शरीरबल सर्वांत कमी असते, अग्नी दुर्बल असतो आणि ग्रीष्मातील रूक्षतेने वाताचा संचय झालेला असतो. आपल्याकडे या संचयाचा प्रकोप वर्षा ऋतूत होतो. परंतु प्रवासी रुग्ण याच संचित अवस्थेत विमानात बसतो. पंधरा तासांहून अधिक काळ एकाच आसनावर बसणे, रात्रीचे जागरण, कोरडी थंड हवा, अवेळी भोजन आणि शेजारच्या प्रवाशास उठविण्याच्या संकोचाने केलेले मूत्र-पुरीषाचे वेगधारण, हे सर्व वातप्रकोपक हेतू एकदम एकत्र येतात. म्हणून पावसाचा थेंबही न पडता वाताचा प्रकोप होतो. पोहोचल्यानंतरच्या आठवड्यात मलावष्टंभ, आध्मान, अनिद्रा, संधिशूल व चिडचिड या तक्रारी का उद्भवतात, याचे उत्तर या संप्राप्तीत आहे. संप्राप्ती कळली की प्रतिबंधाची दिशाही सापडते.

पादांशिक क्रम : रुळण्याची शास्त्रीय रीत

चरकसंहितेच्या नवेगान्धारणीय अध्यायात अहितकर सवय सोडण्याचा व हितकर सवय अंगवळणी पाडण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. एकदम बदल न करता चतुर्थांशाने सोडावे व चतुर्थांशाने स्वीकारावे, आणि मधले अंतर वाढवीत न्यावे, असे त्याचे सार आहे. वाग्भटाचार्यांनीही ऋतुसंधीच्या चौदा दिवसांत मागील ऋतूची चर्या हळूहळू सोडून पुढील ऋतूची स्वीकारण्यास सांगितले आहे. परदेशगमन ही एका दिवसात घडणारी ऋतुसंधी आणि देशसंधी होय. तिला हाच क्रम लावावा, असे आमचे मत आहे.

यासाठी रुळण्याचे चार पाद कल्पावेत : वेळ, अन्न, चेष्टा आणि संग. पहिला आठवडा वेळेचा. या आठवड्यात झोपण्याच्या, उठण्याच्या व जेवणाच्या वेळा पहिल्याच दिवसापासून तेथील घड्याळाप्रमाणे ठेवाव्यात, परंतु अन्न मात्र परिचित व लघु असावे. थोडक्यात, ‘वेळ तेथील, अन्न आपले’ हा नियम रुग्णाच्या मनावर ठसवावा. दुसऱ्या आठवड्यात तेथील एकेक नवा पदार्थ चतुर्थांश प्रमाणात सुरू करावा. तिसऱ्या आठवड्यात चालण्याचे अंतर वाढवावे. चौथ्या आठवड्यात मंडळी, ग्रंथालय, उद्यान यांची सवय करावी. ही विभागणी काटेकोर नाही, परंतु सर्व बदल एकाच दिवशी करण्याचा उत्साह तिच्यामुळे आवरला जातो.

प्रवास व निद्रा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील उन्हाळी वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे, पश्चिम किनाऱ्यावरील साडेबारा तास मागे, तर इंग्लंडची साडेचार तास मागे असते. प्रत्येक तासाच्या फरकाशी जुळवून घेण्यास शरीराला साधारणतः एक दिवस लागतो. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर गेलेल्या रुग्णाने आठ-दहा दिवस धीर धरावा आणि तेवढ्यावरून झोपेच्या गोळ्या सुरू करू नयेत.

रुग्णास पुढील गोष्टी सांगाव्यात. निघण्यापूर्वीचे तीन-चार दिवस रोज थोडे उशिरा झोपावे. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, पोटऱ्या व घोटे हलवावेत आणि कोमट पाणी घोट-घोट प्यावे. दीर्घकाळ बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांना हृद्रोग आहे, त्यांना निघण्यापूर्वी त्यांच्या आधुनिक तज्ज्ञाकडे अवश्य पाठवावे. वेगधारण होऊ नये म्हणून मार्गिकेलगतचे आसन मागून घ्यावे.

पोहोचल्यावर दिवास्वापाचा प्रश्न येतो. ग्रीष्मात दिवसा झोपण्यास शास्त्राची संमती आहे, याचा आधार घेऊन रुग्ण दुपारी तीन-तीन तास झोपतात. ती संमती लहान रात्रीच्या व क्षीण बलाच्या ग्रीष्मासाठी आहे. पहिल्या आठवड्यातील दुपारची झोप ही प्रत्यक्षात उमरग्याची रात्रच असते, आणि ती घेतली तर शरीर उमरग्यातच राहते. अर्ध्या तासापेक्षा अधिक झोपू नये. दुपारनंतर व सायंकाळी उजेडात बाहेर फिरावे. रात्री झोपताना पादाभ्यंग करावा. पहाटे तीनला जाग आली तर दिवा लावून न बसता अंथरुणातच शांत पडून राहावे.

आहार

पहिल्या आठवड्यात मुगाची खिचडी, पातळ वरण-भात, भाकरी, शिजविलेली भाजी, तूप आणि ताजे ताक एवढाच आहार पुरे. ज्वारीसाठी चिंता करण्याचे कारण नाही. अमेरिका हा जगातील मोठा ज्वारी-उत्पादक देश असून कॅन्सस राज्य त्यात अग्रेसर आहे. भारतीय किराणा दुकानांत ज्वारीचे पीठ मिळते. मात्र जुने पीठ विरी जाते, कडवट होते व भाकरी थापताना तुटते, म्हणून लहान पिशवी घ्यावी. तेथे ‘बटरमिल्क’ नावाने मिळणारे दाट आंबट पेय म्हणजे आपले ताक नव्हे. साधे दही आणून त्यात पाणी घालून घुसळावे. तूपही बिनमिठाच्या लोण्यापासून घरी कढविता येते.

तीन गोष्टींविषयी विशेष सूचना द्यावी. पहिली पर्युषित अन्नाची. मुलगा-सून दोघे नोकरीस जात असल्याने रविवारी केलेला स्वयंपाक आठवडाभर शीतपेटीत ठेवून पुरविला जातो. तरुण अग्नीला ते निभावते, वृद्ध मंदाग्नीला निभावत नाही. याबाबत सुनेला दोष देण्यापेक्षा घरात दिवसभर असणाऱ्या आई-वडिलांनीच आपल्यापुरती ताजी खिचडी टाकावी, हे बरे. दुसरी विरुद्धाहाराची. सकाळच्या न्याहारीस थंड दूध, तयार धान्यपोहे आणि त्यावर आंबट फळे असा प्रकार तेथे सर्वत्र आहे. रुग्णाने दूध व फळे वेगवेगळ्या वेळी घ्यावीत. तिसरी शीत जलाची. मागितल्याशिवायही पाण्यात बर्फ घातला जातो, तेव्हा बर्फ नको असे आधीच सांगावे. मधुमेही रुग्णांना डबाबंद रस व गोड दही यांच्या वेष्टनावरील साखरेचे प्रमाण वाचण्याची सवय लावावी.

विहारातील धोके

अभ्यंग हा वातप्रकोपावरील उत्तम उपाय आहे, परंतु तेथील घराच्या रचनेत त्याचे दोन धोके आहेत, ते रुग्णास स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला धोका पडण्याचा. तेथील न्हाणीघरात उंच काठाचे गुळगुळीत टब असतात. तेल लावून त्यात पाऊल ठेवणारा वृद्ध घसरतो, आणि खुब्याचे हाड मोडणे ही परदेशातील मोठी आपत्ती ठरते. तेल अल्प प्रमाणात, खुर्चीवर बसून लावावे. अर्ध्या तासाने ते पुसून काढावे, टबमध्ये रबरी चटई अंथरावी व तळव्यांना तेल फक्त रात्री अंथरुणावर लावावे. दुसरा धोका आगीचा. तेलाने भिजलेले टॉवेल कपडे वाळविण्याच्या यंत्रात घातल्यास तापून पेट घेण्याची शक्यता असते. असे कपडे वेगळे ठेवून, साबणाने नीट धुऊन, दोरीवर किंवा उघड्यावर वाळवावेत.

गुग्गुळ-कडुनिंबाचे धूपन बंद घरात केल्यास छतावरील धूरसूचक यंत्र वाजू लागते, आणि काही इमारतींत अग्निशामक दलही येते. ते टाळावे. मूळव्याध व परिकर्तिकेच्या रुग्णांना कागदाच्या वापराने त्रास होतो, म्हणून शौचालयात पाण्याचे भांडे ठेवण्यास सांगावे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये पद्धत आपल्यासारखीच आहे.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट या ईशान्य भागात उन्हाळ्यात गवतातील गोचिडीच्या दंशाने लाइम रोग होतो. दंशानंतर पसरत जाणारा तांबडा चट्टा व ताप दिसल्यास लेप किंवा काढ्यावर वेळ न घालविता तेथील डॉक्टरांकडे जावे, हे रुग्णास आधीच बजावावे. त्या रोगावर वेळेवर दिलेले प्रतिजैविक औषध गुणकारी ठरते.

मनाचा विचार

शरीराचे सात्म्य तीन-चार आठवड्यांत जमते, मनाचे त्याहून उशिरा. सकाळी आठला घर रिकामे होते ते सायंकाळी सहापर्यंत. शेजारी ओळखीचे नाहीत, बाजार पायी जाण्याच्या अंतरावर नाही, मोटार चालविता येत नाही. येथे दिवसभर पारावर, दुकानात किंवा देवळात चार माणसांत असणारा गृहस्थ तेथे दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो. हा विषादही निद्रानाश व अरुचीचा हेतू आहे, म्हणून त्याची चिकित्सा हीसुद्धा आपलीच आहे.

दोन-तीन साधे उपाय सुचवावेत. गावाकडील दूरध्वनीची वेळ ठरवून घ्यावी. न्यू जर्सीतील सकाळचे आठ म्हणजे उमरग्यातील सायंकाळचे साडेपाच. ही वेळ दोन्हीकडे सोयीची असून रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्याने होणारे जागरण टळते. घरातील एखादे नियमित काम स्वतःकडे घ्यावे, मग ते नातवंडांना मराठी अक्षरे शिकविणे असो वा परसातील झाडांना पाणी घालणे असो. पाहुणा लवकर कंटाळतो, घरचा माणूस रुळतो. सार्वजनिक ग्रंथालये मोफत असतात, तेथे बसता येते. मराठी मंडळांची ओळख करून घ्यावी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मध्ये झाली. गणेशोत्सवात या मंडळांतून भेटीगाठी सहज होतात.

औषधे : वैद्य व औषधी दुकानदारांची जबाबदारी

हा भाग आपल्या सर्वांच्या व्यवसायाच्या विश्वासार्हतेशी निगडित आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांच्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते, आणि रसकल्पांत ते अधिक होते. भारत सरकारने निर्यात होणाऱ्या शुद्ध वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. शास्त्रोक्त शोधन-मारण केलेल्या भस्मांविषयी आपली भूमिका काहीही असो, तेथील डॉक्टरांच्या हाती पडतो तो रक्तातील शिशाचा आकडा. त्यामागील कल्प त्यांना ठाऊक नसतो व तो सांगणारा कागद रुग्णाजवळ नसतो. यात रुग्णाची ओढाताण होते आणि शास्त्राचीही बदनामी होते.

म्हणून आमची सूचना अशी की अल्पकालीन परदेश मुक्कामासाठी, जेथे व्याधीची अवस्था अनुमती देते तेथे, रसकल्पांऐवजी काष्ठौषधींचे कल्प योजावेत. हा बदल निघण्याच्या चार आठवडे आधी करावा, म्हणजे परिणाम येथेच पाहता येतो. उदाहरणार्थ, महायोगराज गुग्गुळात नाग, वंग इत्यादी भस्मे व रससिंदूर असतात. त्याऐवजी वनस्पतिज योगराज गुग्गुळ देता येतो. मात्र शार्ङ्गधरोक्त पाठात योगराजाच्या नावाखालीही भस्मे येतात, म्हणून नावावर न जाता लेबलवरील घटक वाचावेत.

औषधी दुकानदारांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. सुट्या पुड्या, हाताने भरलेल्या बाटल्या किंवा लेबल नसलेले चूर्ण प्रवाशास देऊ नये. उत्पादकाचे सीलबंद वेष्टन, घटकांची यादी, बॅच क्रमांक, निर्मितीची व मुदत संपण्याची तारीख स्पष्ट असावी. बिल इंग्रजीत द्यावे.

२. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये, म्हणजे वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, धत्तूर, अहिफेन, पारद इत्यादी, ज्या कल्पात आहेत तो कल्प वैद्याच्या लेखी सल्ल्याविना देऊ नये. अहिफेन व विजया असलेले कल्प परदेशी नेणे हा गुन्हा ठरू शकतो.

३. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. खसखस घातलेला घरगुती मसालाही नेऊ नये. आसवारिष्टांत संधानाने उत्पन्न झालेले मद्य असते. सौदी अरेबिया, कुवेत येथे जाणाऱ्यांना अरिष्टाऐवजी क्वाथ किंवा वटी सुचवावी.

४. अमेरिकेत व्यक्तिगत वापरासाठी सामान्यतः तीन महिन्यांपेक्षा अधिक साठा नेऊ नये, असे तेथील औषध प्रशासनाचे धोरण आहे. म्हणून सहा महिन्यांच्या औषधाची मागणी मान्य न करता उपचारयोजनाच आखडती करावी. मागाहून कुरिअरने पुड्या पाठविण्याच्या भरीस पडू नये.

५. ताजी फळे, लिंबू, कढीपत्ता, बी-बियाणे, तुळशीचे रोप नेऊ नये. हातातील सामानात प्रत्येक द्रवाचे भांडे १०० मिलीलीटरपेक्षा मोठे चालत नाही, त्यामुळे तेलाची बाटली मोठ्या सामानात घालावी.

६. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. देशोदेशींचे नियम असे बदलत असल्याने निघण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाकडून खात्री करून घ्यावी.

आधुनिक औषधे चालू असलेल्या रुग्णास ती स्वतःच्या मनाने बंद न करण्याची ताकीद द्यावी. इन्शुलिनची वेळ बदलत्या घड्याळाशी कशी जुळवावी, हे त्याच्या आधुनिक तज्ज्ञाने लिहून द्यावे. यष्टिमधु अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णास ती देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गुग्गुळकल्प जपून योजावेत. इसबगोल व इतर गोळ्या यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

नमुना उदाहरण व प्रवासपत्रक

समजा, ६६ वर्षांचे एक सेवानिवृत्त शिक्षक ज्येष्ठात न्यू जर्सीला निघाले आहेत. प्रकृती वातप्रधान, व्याधी संधिगत वात व जीर्ण मलावष्टंभ. रक्तदाबाची आधुनिक गोळी चालू, आणि रात्री महायोगराज गुग्गुळ. त्यांना चार आठवडे आधी वनस्पतिज योगराज गुग्गुळावर आणावे. मलावष्टंभासाठी एरंडभृष्ट हरीतकी रात्री कोमट पाण्यासह योजावी. निघण्यापूर्वी एक आठवडा सायंकाळी स्नेहन व मृदू स्वेदन करावे. रक्तदाबाची गोळी तशीच चालू ठेवावी आणि तिची वेळ त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

त्यांच्या हाती द्यावयाचे प्रवासपत्रक एका पानाचे व इंग्रजीत असावे, कारण ते वाचणारा डॉक्टर इंग्रजी जाणणारा असेल. त्यात वय, रक्तगट, पूर्वीचे आजार व शस्त्रक्रिया, औषधांची ॲलर्जी, चालू आधुनिक औषधे त्यांच्या मूळ नावांनी, आयुर्वेदीय कल्प घटकद्रव्यांच्या वनस्पतिशास्त्रीय नावांसह व मात्रेसह, त्यात धातू आहेत किंवा नाहीत याचा स्पष्ट उल्लेख, अलीकडील तपासण्या आणि वैद्याचा नोंदणी क्रमांक व दूरध्वनी एवढे असावे. मागील बाजूस मराठीत पथ्यापथ्य आणि आपत्कालीन क्रमांक लिहावेत : अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९, संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८. छातीत दुखणे, एका बाजूस लुळेपणा, बोबडी वळणे, श्वास लागणे किंवा पोटरी सुजून दुखणे यांपैकी काहीही झाल्यास प्रथम हा क्रमांक फिरवावा, गावी दूरध्वनी नंतर करावा, असे ठळक लिहावे. प्रवासी आरोग्य विम्यात पूर्वीच्या आजारांना पूर्ण संरक्षण मिळतेच असे नाही, तेव्हा अटी वाचून घेण्यासही सुचवावे.

परतल्यावर

रुग्ण बहुधा भाद्रपद-आश्विनात परततो. तेव्हा आपल्याकडे शरद असतो व पित्तप्रकोपाचा काळ असतो. पूर्वेकडील प्रवासानंतर घड्याळाशी जुळवून घेणे सामान्यतः अधिक जड जाते. अशा वेळी स्वागताच्या मेजवान्या, तिखट रस्सा व तळलेले पदार्थ यांनी अम्लपित्त उसळते. पुन्हा तोच पादांशिक क्रम उलट दिशेने लावावा आणि पहिल्या पंधरवड्यात तपासणीस बोलवावे. रक्तदाब, शर्करा व वजन पाहून मगच पूर्वीचे कल्प सुरू करावेत.

उपसंहार

सात्म्य हे सामानात बांधून नेता येत नाही. ते नव्या ठिकाणी, थोडे सोडून व थोडे स्वीकारून, घडवावे लागते. त्याचा क्रम आपल्या शास्त्रात आहे आणि तो सांगणारा वैद्य तालुक्याच्या गावातच बसलेला आहे. आपल्या प्रत्येक चिकित्सालयात चैत्रापूर्वी अशा प्रवासपत्रकाच्या पन्नास प्रती छापून ठेवाव्यात, आणि औषधी दुकानदारांनी परदेशी निघालेल्या ग्राहकास औषध देण्यापूर्वी ते पत्रक मागावे, एवढी विनंती करून हा लेख पूर्ण करतो. हा खर्च फार थोडा आहे. पण त्यामुळे एखाद्या परक्या रुग्णालयात मध्यरात्री आपल्या रुग्णाविषयी जो प्रश्न विचारला जाईल, त्याचे उत्तर रुग्णाच्या खिशात असेल.